टाकीतली घाण आणि आबांचं जेवण

आधीच सांगतो, असल्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांतला मी आहे. आमच्या दाराला लिंबू-मिरचीसुद्धा बांधत नाहीत. तुम्हीही हसा, हरकत नाही... फक्त एकदा अमळनेरला येऊन त्या टाकीत नाक घाला आणि मग हसा.

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याहून एक जुनी ऑफ-रोड बाईक उचलून आणली. उंच मडगार्ड, जाड खाचांचे टायर, बाकी सगळा गंज. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती सुटी केली. इंजिन जमलं, कार्बोरेटर जमला. पेट्रोलची टाकी मात्र आतून पार सडलेली. आमची माय आंबट ताकाने तांब्याची भांडी लख्ख करते. ते बघून मला अक्कल सुचली! टाकी ताकाने काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं आणि बारा दिवस विसरून गेलो. मे महिन्यातले बारा दिवस!

उघडली तेव्हा आतून जे आलं ते हिरवट, बुळबुळीत, तार सुटलेलं... मेलेली घूस आणि तुंबलेलं गटार एकत्र केल्यासारखा वास. मी तिथेच ओकलो. शेजारच्या अक्का भिंतीवरून ओरडल्या, "काय मारी टाकं रे घरमा?"

इथपर्यंत सगळा माझा मूर्खपणा, कबूल. पण मग टाकी उकळत्या पाण्याने धुतली, सोडा घातला, ॲसिड घातलं, आत साखळी टाकून तासभर हलवली, उन्हात वाळवली. टॉर्च मारून पाहिलं — धातू चकचकीत, कोरडा. दुसऱ्या सकाळी झाकण काढलं तर आत तोच थर, बोटभर जाड! असं चार वेळा झालं. चौथ्यांदा ते हाताला लागलं, साबणाने जाईना. तीन दिवस चमच्याने जेवलो.

आता आबांचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझ्या वडिलांना वास येणंच बंद झालं, आणि त्याबरोबर चव गेली. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजायची म्हणून भांडणारा माणूस अर्धी भाकरी औषधासारखी गिळून उठायचा. सदरा अंगावर लोंबायला लागला होता. डॉक्टरांनी हात टेकले. ते आता फार दिवस काढत नाहीत, अशी मला आतून भीती वाटायची.

एके दुपारी वैतागून टाकी फेकायला निघालो. आबा ओसरीवर जेवत होते. वाटेत झाकण निसटलं, मला ओकारी आली, टाकी तिथेच टेकवून मोरीकडे पळालो. परत आलो तर आबा ताटावर वाकलेले, डोळ्यांत पाणी.

"अवं, भरीतले धूर मस्त लागेल शे आज," ते मायला म्हणाले. "लसूनना वास ई राहिना!" दोन वर्षांनी त्यांना लसणाचा वास येत होता.

माय नाकाला पदर लावून उभी. "आनि हाई घान?"

"कोनती घान?"

दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी त्या दिवशी. मला अर्थातच पटलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा ओसरीवर उघडी ठेवली आणि ते पाठमोरे जेवत असताना मी गुपचूप झाकण लावलं. घास हातातच थांबला.

"झाकन लायं ना रे तू?" मागे न बघता म्हणाले. आवाज इतका पडलेला होता की मला माझीच लाज वाटली.

तेव्हापासून टाकी त्यांच्या खोलीत आहे. बाईकला दुसरी टाकी बसवली, पळते झकास. आबांचं अंग भरलंय. आम्ही ताट आत सरकवून बाहेर पळतो. ताक नासलं एवढं मला कळतं. रोज नव्याने काय नासतं, आणि त्यांना तेवढंच सोडून बाकी सगळ्याचा वास कसा येतो, हे मला माहीत नाही. कुणी सांगेल असंही आता वाटत नाही.

परवा आबा मायला म्हणाले, "तू बी बस ना. एकला गोड नई लागत."

माय बसली. पदर नाकावरून काढला, शेजारी ताट घेतलं आणि त्यांच्याशी बोलत बोलत अख्खी भाकरी खाल्ली. मी दारात नाक दाबून उभा होतो. मग ती मोरीत गेली, भडभडून ओकली, चूळ भरली आणि मला म्हणाली, "सकाय वांगा आन. चांगला देखी आन."