काळ्या कागदाची नळी

फोन सकाळी आला. मामेभाऊ सुधाकर एवढंच म्हणाला, "ताई, दादा गेले." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "शेडमध्ये?" तेरखेड्याच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटत नाही. फटाक्यांच्या गावात कुणी अचानक गेलं की आधी तेच मनात येतं. "न्हाय," तो म्हणाला, "अंगणात. खुर्चीत बसल्या बसल्या…" त्याच्या दादांना, म्हणजे माझ्या मामांना, इतकं शांत मरण आलं, हे महिना उलटला तरी मला खरं वाटत नाही.

कारण त्यांच्या आयुष्यात शांत असं काही नव्हतंच. तरुणपणी स्फोटात त्यांच्या शेडचं पत्र्याचं छप्पर उडालं, त्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली. उरलेल्या बोटांनी ते फटाक्याच्या कागदी नळ्या वळायचे, त्याही इतक्या घट्ट की सुधाकरला दोन्ही हात लावून तशा जमत नसत. राग तर असा, की फटाक्यांच्या दारूजवळ कुणी ठिणगी पाडणारी लोखंडी वस्तू आणली तर ती त्याच्याच पाठीत बसायची. मी बारावी झाले तेव्हा मला बघायला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी दारातूनच हाकललं होतं. "पोरगी शिकतीया. पुन्हा आलात तर बुडाखाली सुतळी बॉम्ब लावीन!" त्या एका धमकीवर मी कॉलेजला धाराशिवला गेले आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. आज शाळेत फळ्यासमोर उभी राहते ती त्या धमकीच्या जोरावर.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतून मामा बरे होऊन घरी आले आणि थोड्याच दिवसांत त्यांचा डावा डोळा सुजला. नाकातून काळं पाणी यायला लागलं. गालावर बोट दाबलं तरी त्यांना कळत नव्हतं. काळी बुरशी. मधुमेह आधीपासून होता, त्यात कोरोनाच्या औषधांनी साखर आणखी वाढवलेली. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात त्यांचा डोळा काढला, वरच्या जबड्याची डावी बाजू काढली, टाळूचा तुकडा काढला. बाहेर आणलं तेव्हा मामींनी पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडे वळल्या. "साखर ही बुरशीचं खाद्य आहे, ती आटोक्यात ठेवायची," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मामांच्या डोक्यात ते वाक्य खिळ्यासारखं बसलं.

कापूनही जी बुरशी मागे राहिली होती, ती मारायला ॲम्फोटेरिसिन नावाचं पिवळं इंजेक्शन बाटलीतून थेंब थेंब चढवायचे. ते अंगात शिरलं की हुडहुडी भरायची. हुडहुडी कसली… लोखंडी पलंगाचे पाय फरशीवर खडाखडा वाजायचे, उरलेल्या दातांखाली जीभ सापडून रक्त यायचं. मी आणि सुधाकर त्यांच्या अंगावर ओणवे होऊन त्यांना दाबून धरायचो आणि तरीही ते आम्हाला उडवून द्यायचे. मग ताप. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बाटली. टाळू नसल्यामुळे शब्द नाकातून फुटायचे, पण शिव्या मात्र सगळ्या वॉर्डाला नीट कळायच्या.

असं चाललेलं असताना शेजारच्या पेशंटचा जावई बाटलीवरचं इंग्रजी वाचून सहज बोलून गेला, "काका, हे तर ग्लुकोज हाय की. साखरंचं पाणी." मामा उठून बसले. हातातली सुई त्यांनी ओढून काढली, रक्ताची चिळकांडी थेट चादरीवर. बाटलीचा स्टँड त्यांनी लाथेनं पाडला.

"साखरंनं माझा डोळा खाल्ला!" ते ओरडत होते. "आन् मला साखरच पाजताय व्हय? मारायलाच बसलाय तुमी!"

वॉर्डबॉयच्या छातीत त्यांनी कोपर मारलं. मामी पायाशी बसून रडायला लागल्या. हे औषध थांबलं तर बुरशी मेंदूत चढणार, हे आम्हाला सांगितलेलं होतं. मी समजावायला गेले तर माझ्यावरच हात उगारला. "शिकवलं तुला म्या, आन् तू ह्यांच्या बाजूनं?"

डॉक्टरीणबाई आल्या. त्या वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्या रागावल्या नाहीत. औषधाच्या कुपीच्या तळाशी राहिलेले थेंब त्यांनी सिरिंजमध्ये ओढले आणि मिठाच्या सलाईनच्या थोड्याशा पाण्यात सोडले. पाणी गढूळ झालं, पिवळे कण तरंगायला लागले.

"हे तुमच्या शिरेत सोडू का, काका? हे औषध साखरेच्या पाण्यातच नीट विरघळतं. त्या साखरेपुरतं इन्सुलिन आम्ही देतोच आहोत."

मामा एका डोळ्यानं त्या पाण्याकडे बघत राहिले. मग आपल्या तुटक्या बोटांकडे.

"फाटलं की हे…" ते म्हणाले. "आमच्यात असं मिसळलं तर छप्पर उडतं, बाई." आणि हात पुढं केला. "लावा. माल तुमचा, माप तुमचं."

बाटलीला उजेड लागू नये म्हणून सिस्टर तिला जुना पेपर गुंडाळायच्या, तो सारखा निसटायचा. मामांना ते बघवेना. "दारूला ऊन लावत्यात व्हय कुणी?" त्यांनी सुधाकरला शेडमधून जाड काळा कागद आणायला लावला आणि सुई टोचलेल्या हातानं, पडल्या पडल्या, बाटलीच्या मापाची नळी वळली. त्यानंतर रोज ती नळी स्वतः बाटलीवर चढवायची, मग मला म्हणायचं, "हं, आता धर मला," आणि हुडहुडीनं कापायला लागायचं. औषध संपेपर्यंत एकही बाटली त्यांनी नाकारली नाही. पुढं गोळ्या, मग टाळूला कवळी, आणि मग तेरखेड्याच्या अंगणात तीच जुनी आरडाओरड. आम्हाला ती वर्षं मिळाली.

दिवसकार्यानंतर सुधाकर त्यांचं अंथरूण, कपडे जाळायला बाहेर काढत होता. रुग्णालयातून घरी आणून खाटेजवळच्या खुंटीला अडकवलेली ती काळी नळीही त्यानं ढिगावर टाकली. मामी धावत आल्या, त्याचा हात हिसडला आणि नळी उचलून पदरानं पुसली.

"जन्मभर जाळायच्याच नळ्या केल्या त्यांनी," मामी म्हणाल्या. "ही तेवढी न्हाय."

नळी पुन्हा खुंटीवर आहे. परवा मी तिच्यात हात घालून पाहिला. कागद कडेला विटलाय, पण वळलेलं कुठंही सैल पडलेलं नाही.