बहुमताचं इंग्रजी

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गणपतीत स्पर्धा असते ती इंग्रजी शब्दांची. मराठी शब्दांची ठेवली तर गुजराती आणि तमिळ घरं म्हणणार, आम्ही काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या? हिंदी ठेवली तर मराठी घरं रुसणार. इंग्रजी कोणाचीच नाही, म्हणून सगळ्यांना सारखीच अवघड. हा ठराव सभेत जितक्या झटपट मंजूर झाला, तितका गळक्या टाकीचाही कधी झाला नाही.

खेळ सोपा आहे. डब्यातून तीन चिठ्ठ्या काढायच्या, प्रत्येकीवर एक अक्षर. ती तिन्ही अक्षरं ज्यात आहेत असा शब्द सांगायचा. क्रम कुठलाही, आणखी अक्षरं आली तरी चालतात. पण शब्द खरा की खोटा हे कोण ठरवणार? आदल्या वर्षी मोबाइलवर बघून ठरवलं. एका मोबाइलमध्ये शब्द सापडला, दुसऱ्यात नाही, आणि ए विंग आणि बी विंग विसर्जनापर्यंत एकमेकांशी बोलत नव्हत्या. मी सेक्रेटरी असल्यामुळे पुन्हा तसं होऊ नये म्हणून नियमावली मीच लिहिली. मोबाइल आधी टबात जमा. शब्दावर आक्षेप आला तर मतदान. एका फ्लॅटला एक मत, आणि ते फ्लॅट ज्याच्या नावावर आहे त्या सभासदाचं. समान मतं पडली तर परीक्षकाचं निर्णायक मत, पण स्वतःच्या घरच्या माणसाच्या बाबतीत ते त्याने वापरायचं नाही. परीक्षक मी. या नियमांत अजूनही कोणी चूक काढून दाखवलेली नाही. ते इंग्रजी भाषेला लागू करावेत का, हा मुद्दा मात्र सभेत कोणीच मांडला नाही.

माझी बायको राजापूरकडची, मराठी शाळेत शिकलेली. गेली काही वर्षं ती सकाळचा चहा घेताना मोबाइलवर शब्दकोडी सोडवते. दिलेल्या अक्षरांतून ती शब्द असे काढते की मी तोवर अक्षरंच वाचत असतो. तरी सोसायटीत तिची ओळख एकच: उकडीचे मोदक. यंदा तिने स्पर्धेत नाव दिलं तेव्हा चेअरमनच्या मिसेस सगळ्यांसमोर गोड आवाजात म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही प्रसादाचं बघा ना! हे आपलं इंग्लिश मीडियमवाल्यांचं काहीतरी."

तिने नाव काही मागे घेतलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "एकदा मला त्या स्टेजवर नाव पुकारून बोलवलेलं बघायचंय. मोदकांसाठी नाही."

आणि ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. आम्ही बी विंगचे, समोर ए विंगमधल्या चेअरमनच्या मिसेस. दोघींचे गुण समान. पार्किंगमधल्या मांडवात लोक खुर्च्या पुढे ओढून बसले. मी चिठ्ठ्या काढल्या: ओ, के, ए.

चेअरमनच्या मिसेसनी लगेच सांगितलं, "पकोडा!"

"हा इंग्लिश कुठनं झाला?" बी विंगमधून कोणीतरी ओरडलं.

"मेन्यूकार्डवर इंग्लिशमध्येच लिहितात ना!" चेअरमन म्हणाले. "मग?"

मत घेतलं. पकोड्याच्या विरोधात एकही हात वर झाला नाही. आक्षेप घेणाऱ्यानेही हात वर केला तो बाजूनेच. मंजूर.

"ओक्रा," बायको म्हणाली.

"काय?"

"ओक्रा. भेंडी."

"भेंडीला लेडीज फिंगर म्हणतात हो वहिनी," ए विंगमधले एक काका म्हणाले. "रोज आणतो मी. भाजीवाला पण लेडीज फिंगरच म्हणतो." मांडवात हशा पिकला. मागे बसलेली कॉलेजची मुलं "आहे, आहे, ओक्रा आहे!" असं ओरडत होती, पण त्यांच्या नावावर फ्लॅट नव्हते.

मतदान घेतलं. बी विंगचे सगळे हात बाजूने, ए विंगचे सगळे विरोधात. दोनदा मोजले. समसमान. आमच्या फ्लॅटचं मत माझं, आणि मी परीक्षक असल्यामुळे ते मोजलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघू लागले. बायकोही. शब्द बरोबर आहे हे मला माहीत होतं. तिनेच कधीतरी चहा पिता पिता सांगितला होता.

"परीक्षकाला निर्णायक मत वापरता येत नाही," मी माइकवर म्हणालो. "बहुमताअभावी शब्द नामंजूर."

टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. चेअरमन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मानलं तुम्हाला! असा सेक्रेटरी पाहिजे." त्यांच्या मिसेस स्टेजवर जाऊन डिनर सेट घेऊन आल्या.

घरी आल्यावर बायकोने ताटं वाढली. मी समजवायला गेलो, "मी मत दिलं असतं तर लोक म्हणाले असते..."

"जेवून घ्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ए विंगमधली एक सूनबाई उभी. बँकेत नोकरी करणारी, एरवी बोलायला घाबरणारी.

"वहिनी, सॉरी हं. मला माहीत होता तो शब्द. मॉलमध्ये फ्रोजन पाकिटावर तेच लिहिलेलं असतं. मी सासूबाईंना कोपरसुद्धा मारलं."

"मग?"

"त्या म्हणाल्या, गप बस गं, बी विंगचं आहे. आणि फ्लॅट त्यांच्या नावावर ना."

"म्हणजे तुला हात नाही."

"नाही ना."

"मलाही नाही," बायको म्हणाली आणि तिला आत घेतलं. मग मी पेपर वाचतोय असं दाखवत होतो तिकडे वळून म्हणाली, "अहो सेक्रेटरी, फ्लॅटवर माझं नाव लावायला काय लागतं?"

प्रश्न माझ्या विषयातला होता. मी पेपर बाजूला ठेवून सविस्तर सांगितलं: सहयोगी सभासदत्वाचा अर्ज, कमिटीची मंजुरी. "पण एक लक्षात घे," मी म्हणालो, "सहयोगी सभासदाला मत देता येतं ते पहिला सभासद गैरहजर असेल तरच."

"हरकत नाही," ती म्हणाली. "पुढच्या गणपतीत तुम्ही गैरहजर राहा."