डिक्कीतलं भरीत

पिंप्राळ्याच्या बाजारात आज सडक्या वांग्यांचा ढीग ओलांडताना मी नाक दाबलं, आणि कित्येक वर्षांपूर्वीचा धुळ्यातला एक रविवार आठवला.

देवपूरच्या आमच्या चर्चमध्ये मी नुकतीच शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयी लांबलचक प्रार्थना केली होती; स्वतःच्याच आवाजाने माझे डोळे पाणावले होते. त्या भरात सोनगीरहून बसने चर्चला येणाऱ्या मार्था अक्कांना म्हणालो, "चला, स्टँडवर सोडतो." त्यांची पिशवी ठेवायला ऐटीत स्कूटरची डिक्की उघडली. आतून असा भपकारा आला की शेजारी उभे असलेले चर्चचे पाळकसुद्धा मागे सरकले.

मागच्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी एकत्र जेवायच्या प्रीतिभोजनात वाढपी मीच होतो. बस चुकल्याने उशिरा, उपाशी आलेल्या अक्कांना मी "भरीत संपलं" म्हणून सांगितलं होतं, आणि घरी न्यायला दडवलेला डबा डिक्कीतच विसरलो होतो. आता त्याचं झाकण निसटलं होतं आणि आत अळ्या वळवळत होत्या.

अक्कांनी वाकून पाहिलं. "भाऊ, भरीत ते संपनं व्हतं ना?" मग हसल्या. "लोकेसनी देवना मान्ना साठाडी ठेवा, त्यालेबी असाच किडा पडनात." मान्ना म्हणजे बायबलमध्ये रानातल्या भुकेल्या लोकांसाठी देवाने आकाशातून रोज पाडलेलं अन्न; काहींनी ते उद्यासाठी साठवलं, तर त्यात किडे पडले.

नळावर तो डबा त्यांनी स्वतःच्या हातांनी घासला. तेव्हा मला अळ्यांची शिसारी आली होती. आता आठवतो तो नाकाला रुमाल लावून बाजूला उभा असलेला मी, आणि शिसारी त्याची येते.

स्टँडवर उतरल्यावर अक्कांनी पिशवीतली भाकरी माझ्या हातावर ठेवली. "डिक्कीम्हा ठेवू नका भाऊ, आत्तेच खा."