थर चढू द्या

आमच्या साडूंइतका ‘अजून नक्की न्हाई’ म्हणणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात नसेल, आणि असलाच तर तो अजून नक्की झालेला नसेल. केजला राहतात. कुलूप लावलं की ते ओढून बघतात, मग परत फिरून पुन्हा ओढतात. एकदा आम्ही बीडला लग्नाला निघालो, तर निम्म्याहून जास्त वाट गेल्यावर, मांजरसुंब्याला जीपमधून उतरून हे महाशय कुलूप बघायला माघारी गेले. कुलूप लागलेलंच होतं. लग्नातही अक्षता पडल्या म्हणून आहेर देतील तर शपथ! नवरी गाडीत बसू द्या म्हणतात.

अशा माणसाची पोर घरी बसून परदेशी कंपनीचं काम करते आणि पगार घेते डिजिटल नाण्यांत! तिला तिकडंच शिकायला जायचं होतं. तिथल्या खोलीचा मालक त्याच नाण्यांत अनामत घेणारा. अनामत पक्की की खोली पक्की, खोली पक्की की जाणं पक्कं. सकाळच्या चहाला तिनं मोबाईलवरून नाणी धाडली, ‘पाठवले’ असं आलं आणि मी लगेच पेढे मागितले. साडू म्हणाले, “पाठवलं म्हंजी पोचलं का?”

आणि काय सांगू, या खेपेला त्यांचंच खरं निघालं. पोरीनं ब्लॉकचेन समजावली. जगभरचे संगणक तो व्यवहार एका ठोकळ्यात घालतात, त्यावर नवे ठोकळे चढत जातात, आणि जितके चढतील तितकं खालचं उपसणं अवघड. साडू म्हणाले, ही तर कडब्याची गंजी. वर थर पडले की खालची पेंडी निघतीय व्हय? भलतेच खूश झाले.

सहा थर चढले की पक्कं मानतात, असं ती म्हणाली होती. सहा झाले. साडू म्हणाले, अजून दोन चढू द्या. दोन झाले, तर जेवणं होऊ द्या. मेहुणीबाई वैतागल्या. मीही चेष्टेनं म्हणालो, आता ब्रह्मदेव आला तरी ही नाणी मागं फिरत नाहीत.

साडू पोरीकडं वळले. तिला हळूच म्हणाले, “आन तू परत येशील, हे यात कुटं दिसतं गं?”

तिनं मोबाईल पालथा ठेवला आणि त्यांना बिलगून बसली. मी आपला उठून अंगणात गेलो.

पोर आता तिकडं असते. दिवाळीला येतेय, तिकीटही काढलंय. साडूंनी मात्र अजून गल्लीत कुणाला सांगितलेलं नाही.