सरकणारे पट्टे

वैजयंती घरतला काळजीशिवाय करमत नसे. बस वेळेवर आली तरी ती घाबरायची, आज अशी वेळेवर कशी आली म्हणून. उरणजवळच्या खाडीकाठच्या गावातून ती तळोज्याला कामाला यायची. सकाळी माझ्या स्टोअरच्या खिडकीशी कापूस नि स्पिरिट घ्यायची आणि जाताना एखादी नवी काळजी माझ्याकडे ठेवून जायची. "बाई, हिचीही पावती फाडू का?" मी चिडवायचो. ती हसायची, पण हसताना डोळे दाराकडे असायचे.

साल १९८६. आमचा लहानसा कारखाना कंपनं मोजायची उपकरणं बनवायचा. आतल्या बंद खोलीत वैजयंती एका स्फटिकाची हालचाल मोजायची. वीज दिली की तो किंचित फुगतो. किती, ते कुठल्या पट्टीने मोजणार? म्हणून लाल लेझरचा किरण काचेने दोन भागांत फोडायचा. एक भाग स्फटिकावर चिकटवलेल्या आरशावरून परत यायचा, दुसरा वेगळ्या पायावर उभ्या असलेल्या खांबावरच्या आरशावरून. दोन्ही एकत्र आले की पडद्यावर लाल-काळे पट्टे दिसत. स्फटिकावरचा आरसा केसाच्या जाडीच्या दोनशेव्या भागाइतका हलला, की एक पट्टा पुढे सरके. त्याहून बारीक हालचाल पट्ट्याचा उजेड किती कमी-जास्त झाला यावरून काढायची. असं करत ती मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापर्यंत पोचायची. ऐकूनच मला गरगरायचं. "तिथंच मला बरं वाटतं," ती म्हणायची, "पट्टे थांबले की छातीतली धडधड पण थांबते."

स्फटिक ठेवलेला काळा दगड माणसाच्या लांबीचा. खंडेनवमीला तो पहारीने उचलून पायांखालच्या झिजलेल्या रबरी चकत्या बदलल्या. शेवटचा, पुढच्या बाजूचा पाय आमचे प्रमुख कारखानीस साहेब यांनी स्वतः बसवला. साहेब या बाबतीत कडक. सगळ्या कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा चढल्या, पण या खोलीच्या दाराशी त्यांनी सगळ्यांना अडवलं. "इथे हळदकुंकू नाही. या यंत्राला पूजा नको, स्वच्छता हवी. कोणी काही आणलं तर दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नये."

दसरा झाला आणि पट्टे सरकू लागले. वीज बंद, दार बंद, तरी सावकाश एकाच बाजूला. शनिवारी गिऱ्हाईकाची माणसं पाहणीला येणार होती. पट्टे असेच राहिले तर काम जाणार, खोलीला कुलूप लागणार, आणि दिवाळीला कायम होणारी वैजयंती घरी बसणार. ती जेवेना. डबा तसाच परत न्यायची. मला तिची चेष्टा करवेना.

गुरुवारी साहेबांनी दुसरी पद्धत लावली. धातूच्या दोन चकत्या समोरासमोर, एक स्फटिकावर आणि एक त्याच दगडावर घट्ट बसवलेली. मधलं अंतर बदललं तर त्यांच्यात साठणारी वीज बदलते. आकडा जागचा हलला नाही.

"म्हणजे स्फटिक स्थिर आहे," साहेब म्हणाले. "दगडच हलतोय. उचलावा लागेल."

कारखान्यातला हमाल गोटीराम पहार घेऊन आला. मी टेकू धरला. वैजयंतीचा चेहरा पांढराफटक पडला. एरवी साहेबांसमोर शुद्ध बोलायची धडपड करणारी ती एकदम घरच्या बोलीत रडत म्हणाली, "साएब, मीच ठेवल्या. अक्षता. दगडाखाली. आयनी दिलेल्या. कोनाला सांगितला नाय. पट्टे नीट रावावं म्हनून ठेवल्या. मना काढू नका."

साहेबांनी गोटीरामला पहार लावायची खूण केली. मला त्यांचा राग आला. एवढी रडते आहे, माणसाने हो नाही काहीतरी म्हणावं!

गोटीरामने पहार दाबली. दगड वर आला. मी वाकून पाहिलं. अक्षता होत्या, कुंकवाने लाल झालेल्या, पण पायापासून चांगल्या हातभर लांब, कोपऱ्यात. त्यांचा कशालाच धक्का लागत नव्हता. पुढच्या पायाखाली मात्र, रबराच्या चकतीवर, आपट्याचं एक पान होतं. ठेवलं तेव्हा हिरवं असणार. आता दाबून, वाळून कागदासारखं पातळ झालेलं. ते वाळत गेलं तसा दगड खाली बसत गेला.

"हे कोनी ठेवला?" गोटीरामने विचारलं.

मी साहेबांकडे बघितलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी पान चिमटीत धरून उचललं, फुंकर मारली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"मलाही भीती वाटते हो, घरत," ते हळूच म्हणाले. "तुमच्या अक्षता राहू द्या तिथेच. पायाला लागत नाहीत."

दगड पुन्हा बसवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टे थांबले, थांबलेच. वैजयंती पडद्यासमोर स्टुलावर बसून परत रडायला लागली. हुंदके देत होती, पण कोपर मात्र तिने दगडाला लागू दिलं नाही.