काटे शोधणारी बोटं

सिंगापुरातल्या हौगांगच्या गार्गी सामंत जन्माच्या मालवणच्या. नोकरी रॅफल्स प्लेसच्या बँकेत, पण जीव सगळा माशांत. आणि अशा बाईची नात, सात वर्षांची जाई, मासा दिसला की ताट सरकवायची! कमालच झाली की नाही?

कारणही होतं म्हणा. आजीच्याच हातच्या पेडव्याचा काटा तिच्या घशात अडकला होता. कोरड्या भाताचे घास गिळून काटा गेला, भीती काही गेली नाही. आपल्यामुळे पोर माशाला मुकली, हे गार्गीबाईंना फार लागलं होतं.

मग त्यांनी शक्कल काढली. बिनकाट्याचा मासा म्हणजे फिश अँड चिप्स! दर रविवारी नातीला घेऊन स्वारी समुद्रकाठी. ईस्ट कोस्ट झालं, सेंबावांग झालं, पुंगोल झालं. इथलं पीठ जाड, तिथला मासा तेलकट, असे बाईंचे शेरे चालूच. जाई मात्र चिप्स खाऊन मोकळी!

त्या रविवारी दोघी चांगीला गेल्या. दोन ताटं आली, मासा कसा सोनेरी, कुरकुरीत! गार्गीबाईंनी जाईच्या ताटातला तुकडा फोडला आणि बोटांनी काटे चाचपायला लागल्या. पोरांना मासा भरवायचा तो असाच, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. बघता बघता माशाचा पार भुगा झाला.

जाई वैतागली. "आजी, एव्हरी टाइम यू फाइंड, फाइंड, फाइंड! मीन्स गॉट बोन लाह!"

गार्गीबाईंचा हात थांबला. अगं बाई! आजी शोधतेय म्हणजे काटा असणारच, असं पोरीला वाटायचं; म्हणजे इतके रविवार तिला घाबरवत होतो ते आपणच? त्यांना हसू आलं आणि डोळेही भरले.

त्यांनी बोटं पुसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि आपलं ताट हनुवटीनेच दाखवलं. "हा घे अख्खा. मी हातसुद्धा लावलेला नाही."

बोटं नुसती शिवशिवत होती हो! जाईने माशाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि कुर्रकन चावा घेतला. पोरीने घास गिळला, ओठ चाटले.

"आजी, इतका मस्त! यू नेव्हर टेल मी!"

आणि तिने सबंध मासा फस्त केला. गार्गीबाईंना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी एक हात सोडवून उरलेले गार चिप्स खाल्ले. दुसरा मांडीखालीच ठेवला, न जाणो!