डाव्या डोळ्याखालचा भोवरा

घोड्याकडे न बघता घोड्याची परीक्षा कशी करतात, हे मी कल्याणात सलग दोन वर्षं परीक्षकांच्या टेबलाशी बसून पाहिलं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. गावातल्या प्रतिष्ठितांना काहीतरी भरवण्याची हौस आली होती. त्यांनी माघ महिन्यात खाडीजवळच्या मैदानावर टांग्याच्या घोड्यांचं प्रदर्शन सुरू केलं. पहिल्या आलेल्या घोड्याच्या मालकाला पितळेची पाटी मिळायची. ती टांग्याच्या मागे ठोकली की स्टेशनात उतरलेला पाहुणा आधी त्याच टांग्याकडे वळेल, अशी टांगेवाल्यांची समजूत होती.

मी शाळेत मराठी शिकवत होतो. अक्षर चांगलं म्हणून हेडमास्तरांनी मला गुण लिहायला पाठवलं. माझे सासरे टांगेवाले आहेत आणि त्यांची घोडी स्पर्धेत आहे, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही नुसतं लिहायचं. लिहिणाऱ्याला कोण विचारतो?" हेडमास्तर आयुष्यात फार थोडं खरं बोलले, त्यातलं हे एक.

घोडी म्हणायला सासऱ्यांची होती. खरी ती माझ्या बायकोची. शिंगरू असताना तिची आई मेली, तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या या मुलीने कापडाच्या बोळ्याने दूध पाजून तिला जगवलं. अंगाने विटेसारखी लाल, म्हणून घरात तिला तांबडी म्हणत. लग्न होऊन माझ्याकडे आल्यावरही बायको दर दोन दिवसांनी माहेरी जाऊन तिला खरारा करून यायची. शेजारणी नाक मुरडायच्या. मास्तरांची बायको आणि अंगाला घोड्याचा वास. तो वास मला आवडायचा. बायकोला जाऊन आता अडीच महिने झाले. हे लिहायला मी रोज बसतो, आणि रोज दोन-तीन ओळींपुढे जात नाही.

मुख्य परीक्षक ठाण्याहून यायचे. त्यांना सगळे रिसालदारसाहेब म्हणत. ते घोडदळाच्या रिसाल्यात होते की रिसाल्याला गवत पुरवत होते, याबद्दल टांगेवाल्यांत दोन मतं होती. बूट मात्र रिसाल्यातले होते. प्रदर्शनाचे अध्यक्ष गावातले एक वकील. आधी वकिलांच्या घरी जेवण आणि मग परीक्षा, असा क्रम ठरलेला. श्रीखंडाच्या तिसऱ्या वाटीनंतर माणसाला सगळीच जनावरं सारखी दिसतात. रिसालदारसाहेब खुर्चीत बसत, घोडा समोरून नेला जाई, ते मान हलवत आणि मी आकडा लिही. दात बघून वय ठरवायचं असतं. साहेब मालकालाच वय विचारत. घोड्याच्या तोंडात हात घालताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. स्वतःची बोटं त्यांना फार प्रिय असावीत.

स्पर्धकही परीक्षकांच्याच लायकीचे. कोणी पांढरे केस काजळीने काळे करून आणलेले. कोणी शेपटी ऐटीत उभी राहावी म्हणून तिच्याखाली आल्याचा तुकडा सरकवलेला. आंबिवलीकडचा एक जण शेजारच्या घोड्याला बाभळीचा काटा टोचताना पकडला गेला, तर म्हणाला, "माशी बसली होती, ती मारली." वकील यावर मनापासून हसले आणि त्याला तिसरा नंबर मिळाला.

पहिल्या वर्षी सासऱ्यांनी तांबडीला धुऊनपुसून आणलं, त्यापलीकडे काही केलं नाही. ती चालत आली तशी टांगेवाल्यांची कुजबुज थांबली. साहेब पहिल्यांदाच खुर्चीतून उठले. मला वाटलं, निदान एक तरी घोडा आज बघितला जाणार. ते जवळ गेले आणि तिच्या डाव्या डोळ्याखाली बोट रोखून थांबले.

"हे काय?"

"भोवरा आहे, साहेब. जन्मापासून," सासरे म्हणाले.

डोळ्यातलं पाणी जिथून ओघळतं, तिथे केसांचा भोवरा असला तर त्याला आसूढाळ म्हणतात. असा घोडा धन्याच्या घरात रडं आणतो, अशी जुनी समजूत. कल्याणच्या तळावरच्या टांगेवाल्यांना ती ठाऊक होती. तांबडी तीन वर्षं त्यांच्यात उभी राहत होती आणि कोणी त्या भोवऱ्याचं नाव काढलं नव्हतं.

"वर्षात घरात कोणी गेलं?" साहेबांनी विचारलं.

सासऱ्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. "बायको गेली, साहेब. भाद्रपदात. ताप होता."

"मग!" साहेब वकिलांकडे वळले. एखादं गणित सुटावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"पण साहेब, घोडी सहा वर्षांची आहे. मधल्या वर्षांत कधी..."

"काही खोडी उशिरा फळतात. लिहा हो मास्तर. आसूढाळ. अपात्र."

त्या वर्षी कल्याणात तापाने घराघरांत माणसं गेली होती. त्या सगळ्यांच्या दारात घोडे बांधलेले नव्हते. हे मला तिथे बसल्याबसल्या सुचलं होतं, आणि ते म्हणायला दोन वाक्यं पुरली असती. मी लिहिलं. आसूढाळचा सू दीर्घ काढला, काने जागच्या जागी दिले. बायका बसत त्या बाकावर माझी बायको होती. वकिलांनी कर्ण्यातून सगळ्या मैदानाला निकाल ऐकवला, कारणासकट. तिची आई घोडीने खाल्ली, हे तिने असं ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून तळावर सासऱ्यांचा टांगा शेवटी सुटू लागला. लग्नाची मंडळी तर लांबूनच विचारत, "ती डोळ्याची घोडी यांचीच ना?" होळीच्या आधी सासऱ्यांनी तांबडी शहाडच्या एका दलालाला देऊन टाकली. ते लेकीला म्हणाले, "तुला आधी सांगितलं असतं तर तू देऊ दिली नसतीस." ती म्हणाली, "द्यायची तर द्या, बाबा. पण तिने आईला मारलं म्हणून देऊ नका." पुढे वर्षभर ती या एकाच गोष्टीपाशी अडकून राहिली. घोडी परत हवी, असं एकदाही म्हणाली नाही. तिच्यावरचा आळ जायला हवा, एवढंच.

पुढच्या माघात मी पुन्हा टेबलाशी होतो. अक्षर अजून चांगलंच होतं. शेवटचा घोडा म्हणून वकिलांच्या पुतण्याचा घोडा सांभाळणारा मोतद्दार एक लाल घोडी घेऊन आला. तोंडावर जरीची झालर, पायांत घुंगरू. बायकांच्या बाकाकडे मी बघायच्या आधीच माझी बायको उभी राहिली होती. तांबडीला तिने चालीवरून ओळखलं असणार. मी ओळखलं ते नंतर.

घोडी नुसती नाचत होती. मोतद्दाराने लगाम हिसकला, मग चाबूक ओढला. तिने मागचे पाय झाडले, टेबल कलंडलं आणि माझी दौत गुणांच्या कागदावर सांडली. रिसालदारसाहेब खुर्चीमागे गेले. रिसाल्यातले बूट खुर्चीमागेही चांगले दिसत होते.

बायको पदर खोचून सरळ मैदानात आली. मोतद्दाराच्या हातातून लगाम घेतला, घोडीच्या मानेला तळहात लावला आणि कानाशी काहीतरी पुटपुटली. मग मागे जाऊन, सबंध कल्याणासमोर, शेपटीखालून आल्याचा तुकडा काढला आणि वकिलांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला. घोडी दगडासारखी उभी राहिली.

"अरे, चहाची सोय झाली!" टांगेवाल्यांतून कोणीतरी ओरडलं.

"साहेब, दात बघता?" तिने विचारलं.

"गरज नाही, बाई. आम्ही नजरेने ओळखतो."

"मग डोळा बघा. डावा." तिने झालर वर केली.

साहेब बेताबेताने पुढे आले, वाकले, आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! भोवरा! वकीलसाहेब, हा तर देवमण. धन्याच्या घरी बरकत."

"देवमण मानेखाली असतो, साहेब!" मागून आवाज आला.

"साहेबांची मान तिथंच आहे रे, डोळ्याखाली!"

मैदान हसत सुटलं. वकिलांनी घड्याळात बघितलं. तांबडी ओळखल्यापासून मला वाटत होतं की घोडी स्वस्तात मिळावी म्हणून आधीच्या वर्षीचं सगळं वकिलांनीच ठरवून केलं. साहेबांकडे बघताना कळलं, तेवढीही मेहनत कोणी घेतली नव्हती. एका घराला वर्षभर जाळणारं वाक्य बोलून हा माणूस जेवणाच्या ढेकरासारखं ते विसरून गेला होता. घोडीही त्याला आठवत नव्हती, सासरेही नाहीत.

"एवढं मोठ्याने सांगा ना, साहेब," बायको शांतपणे म्हणाली. "कर्ण्यातून. भोवरा शुभ आहे म्हणून."

त्यांनी सांगितलं. हसण्यावर उतारा म्हणून त्यांना ते हवंच होतं. सासरे टांगेवाल्यांच्या घोळक्यात उभे होते, त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग साहेब माझ्याकडे वळले. "लिहा हो मास्तर. देवमण. पहिला नंबर." बायको माझ्याकडे बघत होती. मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं. तिने लगाम मोतद्दाराच्या हातात परत दिला, घोडीच्या डोळ्याखालच्या भोवऱ्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि मागे न बघता निघाली.

पाटी वकिलांच्या पुतण्याकडे गेली. तांबडी शेवटपर्यंत त्यांच्याच तबेल्यात राहिली. पण तळावर कोणी तिला पुन्हा अपशकुनी म्हटलं नाही, आणि सासऱ्यांनी आणलेला नवा घोडा नेहमीच्या रांगेत उभा राहू लागला.

त्या संध्याकाळी बायकोने मला दोन्ही वर्षांचे कागद मागितले. ते वकिलांकडे जायच्या आधी माझ्याकडे पक्के करायला येत आणि कच्चे माझ्याजवळच राहत. ती चुलीपुढे बसली होती. आधी मागच्या वर्षीचा वाचला, मग या वर्षीचा. भोवरा एकच, शब्द दोन, हात एक. मला वाटलं ती रागावेल. रागावली असती तर मी काही तरी बोललो असतो.

"अक्षर छान आहे," ती म्हणाली, आणि कागद मला परत दिले.

त्यानंतरच्या इतक्या वर्षांत तिने हे पुन्हा कधी म्हटलं नाही. मी पत्रं लिहिली, मुलांच्या वह्यांवर नावं घातली, तिच्या औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. ती घ्यायची, वाचायची आणि ठेवून द्यायची. ते दोन कागद परवा तिच्या ट्रंकेत सापडले. माझ्याकडून ते तिने कधी नेले, मला माहीत नाही. पहिल्या वर्षीच्या कागदावर ‘आसूढाळ’ या शब्दावर तिने बोट ओलं करून पुसायचा प्रयत्न केलेला दिसतो. शाई पसरली आहे, पण शब्द वाचता येतो.